नऊ दिवस टिकलेली भिंत

श्रीमंतांची घरं मी आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून पाहिली. झुंबरं, गालिचे, चांदीची ताटं, हे सगळं माझ्या पाठीमागून गेलं. त्यामुळे ‘एवढ्या बड्या लोकांच्या घरांत वावरलात, दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा’ असं संपादकांनी म्हटलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. नंतर वाटलं, घरांबद्दल नाही तरी भिंतींबद्दल लिहिता येईल. तेवढं तरी मला कळतं.

मी इस्माईल, नगरचा. धंदा चुन्याच्या गिलाव्याचा, तोसुद्धा घोटीव. सिमेंटच्या जमान्यातल्या मंडळींसाठी थोडं सांगतो. भट्टीतून आलेली चुनकळी पाण्यात टाकली की रटारटा उकळते. ती विझली, गाळली, की खड्ड्यात पाण्याखाली ठेवायची. किमान एक पावसाळा. घाई केली की भिंतीवर महिन्याभराने पुटकुळ्या येतात, आणि त्या फुटल्या की मिस्त्रीची अब्रू फुटते. मुरलेला चुना आधी वाळूबरोबर बैलाच्या दगडी घाणीत मळायचा, मग त्याचा जाड थर, त्यावर बारीक थर. सगळ्यांत शेवटी कागदाएवढा पातळ हात. या शेवटच्या हातासाठी चुना बाया पाट्यावर वाटतात. त्यात संगमरवराची पूड, गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, दही आणि अंड्याचा पांढरा बलक पडतो. भिंतीवर तो चढला की गुळगुळीत दगडाने घोटायला बसायचं आणि भिंत पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही. मध्येच चहाला उठलात तर तिथला सांधा जन्मभर दिसतो. नीट जमली तर मात्र भिंतीत तोंड दिसतं. मालक आम्हाला बोलवायचे ते त्यासाठीच.

आता मालक म्हटले की नमुने आलेच. नगरच्या एका वकीलसाहेबांना दम नव्हता. भिंत ओली असताना ‘वाळली का हो?’ म्हणून त्यांनी बोट दाबून पाहिलं. तो खळगा आम्हाला घोटून काढता आला असता, पण मामूने तो मुद्दाम तसाच ठेवला. वकीलसाहेब पुढे पाव्हण्यांना तो दाखवून सुताराला दोष द्यायचे. कोपरगावकडच्या एका बागाईतदाराने आमच्या भिंतीची परीक्षा म्हणून तिच्यापुढे बसून दाढी करून घेतली. न्हाव्याने गाल कापला. त्याचा ठपकाही भिंतीवरच आला.

मामू म्हणजे माझ्या आईचा भाऊ आणि माझा उस्ताद. साठीला आलेला, हडकुळा, पान खाणारा, बोलायला कंजूस. घरात आम्ही दखनी बोलतो, पण कामावर मामू नगरी मराठी बोलायचा, म्हणून त्याचं बोलणं तसंच लिहितो. त्याच्या हाताखाली मी बारा वर्षं काढली होती, तरी एक गोष्ट त्याने मला दाखवली नव्हती. शेवटच्या हाताचं कालवण उस्तादाने एकट्याने, दार लावून करायचं, अशी आमच्यात रीत होती. काय पडतं ते सगळ्यांना माहीत. किती पडतं, कधी पडतं, ते उस्तादालाच. तो काम सोडायला आला की मग शागिर्दाला जवळ बसवून सांगायचा. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, दोन पोरांचा बाप होतो, आणि दाराबाहेर उभा राहत होतो.

महायुद्धाच्या दिवसांत आम्हाला भंडारदऱ्याचं काम आलं. धरणाच्या पाण्यावर नजर पडेल अशा टेकाडावर मुंबईचे एक गिरणीमालक शेठ बंगला बांधत होते. शेठ मूळचे आमच्याच जिल्ह्यातले. घराणं मारवाडातून आलेलं, पण तीन पिढ्या इथल्या मातीत मुरलेलं. वडिलांचं खेड्यात मीठ-मिरचीचं दुकान होतं. पोरगा मुंबईला गेला, एका गिरणीच्या तीन गिरण्या केल्या, आणि लढाईत कापडाला असा भाव आला की लक्ष्मीला शेठच्या घराशिवाय दुसरं घर माहीतच नव्हतं म्हणाना.

बंगला केवढा? खोल्या बावीस. चार मोटारींचं घर वेगळं. विजेसाठी स्वतःचं यंत्र, बर्फासाठी स्वतःचं यंत्र. विलायती चिनी मातीचं एवढं मोठं न्हाणीचं टप, की आमच्या गल्लीतली सगळी पोरं त्यात एकदम बुडली असती. खेळायचं एक हिरव्या बनातीचं टेबल होतं, ते घाटातून वर आणायला आठ जोड्या बैल लागले होते. आंबे पिकवायला एक खास थंड खोली. आणि एवढं सगळं वर्षातल्या उन्हाळ्याच्या एका महिन्यासाठी. शेठ बांधकाम पाहायला यायचे तेव्हा झोपायचे मात्र मागच्या पडवीत, बाजेवर. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, “मिस्त्री, मोठ्या खोलीत झोप लागत नाही हो. दुकानात पोत्यावर झोपायची सवय. पण हे बाहेर बोलू नका.” मी आजवर बोललो नव्हतो.

शेठना दिवाणखान्याला इटलीचा संगमरवर हवा होता. पण इटली शत्रूच्या बाजूला. तिकडचं जहाज कुठून येणार? सिमेंटही सरकारच्या परवान्याशिवाय मिळेना. मुंबईचे इंजिनीयरसाहेब डोक्याला हात लावून बसले. तेव्हा कुणीतरी मामूचं नाव सांगितलं. मामूने दिवाणखाना पाहिला, भिंतीवरून तळवा फिरवला आणि म्हणाला, “शेठ, इटलीचा दगड आनून देता येनार न्हाई. पर तुमी दगडाला इसराल असं करतो. चुना मात्र माझ्या सवडीनं मुरनार. घाई असंल तर आत्ताच सांगा, मी माघारी जातो.”

इंजिनीयरसाहेबांना एवढं थांबणं मंजूर नव्हतं. पण शेठ म्हणाले, “आमच्या दुकानात लोणचंसुद्धा मुरायला ठेवायचे. थांबू आपण.” पैसेवाला माणूस थांबायला तयार झाला, असा मी आयुष्यात तो एकच पाहिला.

हिरडा राजूरच्या बाजारातून यायचा. डोंगरातले लोक तो वेचून आणत. ठकूबाई नावाची एक बाई आम्हाला हिरडा आणि अंडी पुरवायची, आणि आपल्याबरोबर पाच-सहा बाया घेऊन चुना वाटायलाही यायची. पहिल्या दिवशी पिंपात गूळ विरघळताना पाहून ती जागीच थांबली.

“भितीला गूळ घालता व्हय?” ती म्हणाली. “रासनाच्या दुकानात आमाला दावतबी न्हाईत, अन् हितं भित गूळ खातीय!”

मला लाज वाटली, हे स्पष्टच सांगतो. गूळ न घालता काम होत नाही हेही खरं, आणि समोरची बाई म्हणतेय तेही खरं. मामूने एक मडकं गुळाच्या पाण्याने भरून बायांच्या शेजारी ठेवलं. त्या दिवसापासून ते रोज सकाळी भरलं जायचं, आणि संध्याकाळपर्यंत रिकामं झालेलं असायचं. त्याचं पाणी भिंतीला लागलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

दिवाणखाना आम्ही होळीच्या आत पुरा केला. त्याची कहाणी सांगत बसत नाही. झाला तेव्हा शेठ चपला बाहेर काढून आत आले, एवढंच सांगतो. इंजिनीयरसाहेबांनी भिंतीवर नखाने ओरखडा काढून पाहिला. ओरखडा उठला नाही. मला वाटलं, आता मामू खूश होईल. पण मामूचं लक्ष दुसरीकडेच होतं. शेठच्या आई, म्हणजे माजी, कायमच्या इथे राहायला यायच्या होत्या. त्यांना दमा होता, आणि डॉक्टरांनी डोंगराची हवा सांगितली होती. त्यांच्यासाठी मागच्या अंगाला एक लहान देवघर काढलं होतं. त्याच्या एका भिंतीवर मामूचा जीव जडला होता.

“दिवानखाना शेठचा,” तो मला म्हणाला. “ही भित माझी. माझं बोट आता थरथरतंय, इस्माईल. ह्याच्याम्होरं अशी भित व्हनार न्हाई.”

बाजाराच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे राजूरहून ठकूबाईकडची टोपलीभर अंडी आणली आणि मामूच्या हाती दिली. मामूने टोपली घेतली, खोलीचं दार लावलं आणि कालवण करून बाहेर आला. आम्ही दोघांनी सूर्य उगवल्यावर घोटायला सुरुवात केली ती मावळेपर्यंत. ती भिंत कशी झाली हे मला लिहिता येणार नाही. दिवाणखान्यातल्या भिंती चकचकीत होत्या. ही शांत होती. दुधावर साय धरावी तशी तिला आतून चमक होती. पन्नास वर्षं हा धंदा केला, पण तशी दुसरी भिंत मी ना केली, ना पाहिली.

दुसऱ्याच दिवशी माजी आल्या. बुटक्या, काटक, कपाळावर गोंदण, हातात फक्त दोन बांगड्या. आल्या त्या बावीसपैकी एकवीस खोल्या ओलांडून थेट देवघरात गेल्या. भिंतीला हात लावला आणि तिथेच खाली बसल्या.

“कुनी केली रं ही?” त्यांनी विचारलं.

मामू पान आणायला गेला होता. मी म्हणालो, “आमच्या मामूने, माजी. मी हाताखाली होतो.”

“काय काय घातलंय हिच्यात? लोन्यावानी लागतीय हाताला.”

मी मोठ्या ऐटीत सांगायला लागलो. “चुना, गूळ, दही, हिरड्याचं पाणी...” आणि पाचवा शब्द माझ्या जिभेवर आला तसा तिथेच अडकला.

आता यात चूक कशी झाली ते सांगतो. आमच्या घरी अंडं खात होते, पण कामावर अंडं म्हणजे आमच्या लेखी खाणं नव्हतंच. दोरी, ओळंबा, थापी, तसंच अंडं. सामान. बाजारातून अंडी आणताना ती कुठल्या खोलीसाठी, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. समोर मात्र कांदा-लसणालाही हात न लावणारी म्हातारी बसली होती, आणि भिंत तिच्या देवाची होती.

“आन् काय?” माजींनी विचारलं.

“बस, एवढंच.”

“गूळ, दही! म्हंजी निवदच की रं हा,” त्या हसल्या. “देवाच्या भितीलाच निवद दावला तुमी.”

मी ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखा तिथून सटकलो. पुढचे दिवस माझे वाईट गेले. माजी रोज त्या भिंतीपुढे बसायच्या. देव अजून मांडायचे होते. वास्तुशांतीचा मुहूर्त पंधरवड्यावर होता. पण त्यांना धीर नव्हता. मी दिसलो की हाक मारायच्या, हातावर दशमी-चटणी ठेवायच्या, “खा रं बाबा, लई वाळलाईस,” म्हणायच्या. दशमी मी बायांना देऊन टाकायचो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! ठकूबाई अंगणातून गेली तरी मला धडकी भरे, की ही आता माजींकडे अंड्यांचे पैसे मागते की काय.

मामूला मी काही बोललो नाही. का बोललो नाही, ते पुढे येईल.

आठव्या दिवशी सकाळी मी देवघरावरून जात होतो. माजींनी भिंतीला कपाळ टेकवलं होतं आणि डोळे मिटून त्या काहीतरी पुटपुटत होत्या. ओठ भिंतीला लागत होते. मला ते पाहवेना. दुपारी त्या मागच्या अंगणात तांदूळ निवडत एकट्याच बसल्या होत्या. मी जाऊन समोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगून टाकलं. हात दाखवून अवलक्षण हे मला कळत होतं. शेठच्या एका शब्दाने आमचं नाव नगरपासून मुंबईपर्यंत मातीत गेलं असतं. त्यात आम्ही मुसलमान, आणि देवघर हिंदूचं. दिवसही काही बरे नव्हते. पण सांगितल्यावर मला आठवड्यात पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

माजींचा हात सुपात तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, “कुनाकुनाला ठावं हाय?”

“मला आणि मामूला.”

“माझ्या पोराला?”

“नाही.”

“मंग आता कुनालाच सांगू नगंस. तुज्या मामूलाबी न्हाई, तू मला सांगितलंस ह्ये. म्हाताऱ्या मानसाला लाज आनू नये.” त्यांनी सुपातला एक खडा काढून लांब फेकला. “तुजा धंदा तू केलास. तुजं पाप न्हाई त्ये. पर मला आता तिथं बसवनार न्हाई बाबा. हात जोडीन अन् मनात अंडंच यील. मी बगते काय करायचं.”

दुसऱ्या दिवशी, म्हणजे नवव्या, शेठ मुंबईहून आले. माजींनी त्यांना, इंजिनीयरसाहेबांना आणि आम्हा दोघांना देवघरात बोलावलं.

“ही भित काडा,” त्या म्हणाल्या.

शेठना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “आई, अगं अशी भिंत राजाच्या घरी नाही.”

“नसंल. म्या हात जोडले का म्होरं माजंच थोबाड दिसतंय. मी देवाला बगायचं का माज्या सुरकुत्यांला? आपल्या गावच्या घराला हुती तशी सादी पांढरी भित करा.”

“मुहूर्त सहा दिवसांवर आला आहे!”

“मंग लागा कामाला.”

शेठचा चेहरा लाल झाला. तीन गिरण्यांचे मालक, पण आईपुढे त्यांचं काही चाललं नाही. ते मामूकडे वळून म्हणाले, “मिस्त्री, म्हातारीचं डोकं फिरलंय. तुमच्या कामात खोट नाही, हे मी चारचौघांत सांगेन.” मी जमिनीकडे पाहत होतो. माजींनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. आमच्यावर एक शिंतोडा उडू दिला नव्हता.

मामू भिंतीजवळ गेला. तळवा फिरवला. मग म्हणाला, “माजी म्हन्त्यात तर काडू.” गवंडी पुढे झाले त्यांना त्याने हाताने मागे सारलं. छिन्नी-हातोडा त्याने स्वतः घेतला. पहिला घाव घालताना त्याने बिस्मिल्ला म्हटलं, तो कामाच्या सुरुवातीला म्हणायचा तसं. जुना चुना दगडासारखा होतो, पण ही भिंत अजून कोवळी होती. दुपारपर्यंत सगळी खाली आली. ठकूबाईच्या बाया टोपल्या भरभरून बाहेर नेत होत्या. माझ्या मनात एकच चाललं होतं. त्या दिवशी ‘बस, एवढंच’ वर मी टिकून राहिलो असतो, तर ही भिंत उभी राहिली असती.

नवी भिंत आम्ही पाच दिवसांत केली. साधी, न घोटलेली, वर चुन्याचे तीन हात. माजींनी ती पाहिली आणि तोंडभर हसल्या. “हां! आता आले मी माज्या घरी,” म्हणाल्या. वास्तुशांतीला मुंबईहून मोटारी आल्या. शेठ पाव्हण्यांना दिवाणखाना दाखवत होते. “इटलीचा दगड,” ते सांगत होते. “लढाईच्या आधीच मागवून ठेवला होता.” आम्ही दोघं दारामागे उभे होतो. मला राग आला, पण मामू गालात हसला. मामूने त्यांना शब्द दिला होता तो असा खरा झाला.

माघारी येताना राजूरहून मोटार मिळाली. लढाईत पेट्रोल नव्हतं, म्हणून कोळशाच्या गॅसवर गाड्या चालायच्या. मागे भट्टी लावलेली, आणि चढ आला की गाडी दम खायला उभी राहायची. ड्रायव्हर खाली उतरून भट्टी ढवळायचा. अशाच एका चढावर गाडी थांबली. मामू आठवड्याभरात दहा शब्दही बोलला नव्हता. आपल्या बोटांकडे पाहत म्हणाला, “कुठं चुकलो असंन रं मी? तोंड दिसतंय म्हनून कुनी भित पाडतं व्हय? त्या बाईला काय तरी खुपलंय. माज्या हातात काय तरी कमी पडलं.”

मला राहवलं नाही. माजींना दिलेला शब्द मी तिथे मोडला. अंडी, दशमी, कपाळ टेकवणं, सूप, सगळं सांगितलं. मामू माझ्याकडे एकटक पाहत होता. माझं बोलणं संपलं तसा तो हसायला लागला. आधी हळू, मग एवढा की पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते हसण्याचंच होतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

“अरं येड्या,” तो म्हणाला, “त्या भितीत अंडं न्हवतंच.”

मला काही उमगेना. “टोपली तर मीच दिली होती.”

“दिलीस. म्या बायांला वाटून टाकली. त्यांच्या पोरांनी खाल्ली आसत्याल.” त्याने डोळे पुसले. “देवळाला, देवघराला, मास-मटन खात न्हाईत त्यांच्या सैपाकघराला अंडं चालत न्हाई. धावड्याचा डिंक घालायचा. भिजवून, गाळून, दह्यासंगं. माज्या उस्तादानं मला सांगितलं, त्याला त्याच्या उस्तादानं. तुला आजून सांगायचं ऱ्हायलं हुतं.”

म्हणजे ‘बस, एवढंच’ असं मी माजींना म्हणालो होतो, ते जवळजवळ खरंच होतं. आणि अंगणात उकिडवा बसून, छातीवर दगड ठेवून, जे खरं म्हणून सांगितलं ते खोटं. त्या खोट्यापायी मामूने आपली भिंत आपल्या हाताने पाडली, आणि माजींनी पोराचे बोल खाल्ले.

“आपण परत जाऊ,” मी म्हणालो. “माजींना सांगू.”

“काय सांगशील? का तुमी उगाच पाडली? तिचा देव बसलाय तिथं आता. बसू दे.” मामूने तोंड खिडकीकडे वळवलं. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाला, “मला का न्हाई इचारलंस?”

मी म्हणालो, “लक्षात नाही आलं.”

“खोटं बोलू नगंस. तुला वाटलं, मामू गप बस म्हनंल. व्हय का न्हाई?”

ते खरं होतं. बारा वर्षं मी त्या माणसाच्या हाताखाली काढली होती. गुळाचं मडकं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मला वाटलं होतं, की भिंत वाचवायला मामू म्हातारीला फसवेल, आणि इमान काय ते एकट्या माझ्यापाशी आहे. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. एवढी शरम मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

मामूने खिशातून पान काढलं, अर्धं तोडून मला दिलं. तो रागावला नव्हता. उलट काहीतरी ठरवल्यासारखा सरळ बसला होता. खाली ड्रायव्हरने भट्टीचं झाकण लावलं आणि गाडी धक्के खात निघाली.

“चूक माजीबी हाय,” मामू म्हणाला. “दार लावून कालवत बसलो, म्हनून ह्ये झालं. आता नगर येईस्तवर सगळं सांगतो, नीट ध्यान देऊन ऐक. पुन्यांदा सांगनार न्हाई. पैली गोष्ट, ज्याच्या घरात काम करायचं, त्याचं खानं-पिनं आधी इचारून घ्यायचं. चुना मंग भिजवायचा.”